जिवाणूचे कुलूप आणि परिचारिकेची वही

लातूर आणि नांदेड या दोन शहरांची आजची ओळख सांगायची झाली, तर तूरडाळ, सोयाबीन आणि हळद यांच्या बाजारपेठांबरोबर शिकवणी वर्गांचाही उल्लेख करावा लागतो. वडील आडतीच्या गादीवर आणि मुलगी किंवा मुलगा ‘नीट’च्या पुस्तकांत, असे चित्र आपल्या व्यापारी घरांतून आता नित्याचे झाले आहे. अकरावीच्या जीवशास्त्रात या मुलांना जैवरेणूंचे एक प्रकरण असते. त्यात विकरे येतात, म्हणजेच एन्झाइम. विकराची घडी कशी असते, त्याचे सक्रिय स्थळ कोणते, त्याचे कार्य कशाने अडते, हे सारे मुले पाठ करतात आणि चार पर्यायांतून योग्य तो निवडून चार गुण मिळवतात. मात्र या ज्ञानाने कोणाचे प्राण वाचले आणि त्यासाठी प्रयोगशाळेबाहेरच्या किती माणसांनी हातभार लावला, हे सांगण्यास वर्गात सवड नसते. वाचक बंधू-भगिनींनो, आजच्या लेखात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते क्षयरोगाचे; कारण विकराच्या सूक्ष्म रचनेपासून रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंतचा सगळा प्रवास या एका रोगात स्पष्ट दिसतो.

क्षयरोग हा दारिद्र्याचा रोग आहे, तो आपल्या घरात येणार नाही, अशी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती अर्धीच खरी आहे. कुपोषण आणि दाटीची वस्ती यांमुळे हा रोग फोफावतो हे निश्चित. परंतु त्याचा जिवाणू हवेतून पसरतो आणि हवा कोणाची मिळकत पाहत नाही. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. आडत दुकानात, डाळमिलमध्ये, गोदामात धनी, दिवाणजी, मापाडी आणि हमाल एकाच हवेत श्वास घेतात. त्या हवेत धान्याची धूळ असते, म्हणून खोकला हा तेथे रोजचाच सोबती मानला जातो. ‘धुळीचा खोकला आहे, गूळ-हळद घेतली की जाईल,’ असे म्हणता म्हणता महिने उलटतात. क्षयाच्या निदानाला होणाऱ्या विलंबाचे एक कारण असे अगदी साधे असते.

विकर म्हणजे काय?

दुधाला विरजण लावले की रात्रीतून दही होते. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात, म्हणून दूध घट्ट होते. हे रूपांतर जिवाणूच्या आतील ज्या प्रथिनांमुळे घडते, त्यांना विकरे म्हणतात. प्रत्येक विकर म्हणजे एका ठराविक कामासाठी नेमलेला कारागीर. लांबलचक साखळीची गुंतागुंतीची घडी पडून त्याला विशिष्ट आकार येतो आणि त्या आकारात एक खाच तयार होते. ज्या पदार्थावर काम करावयाचे तो त्या खाचेत नेमका बसतो. कुलपात किल्ली बसावी तसे हे आहे. खाचेचा आकार किंचित बदलला, तरी काम बिघडते.

हा आकार डोळ्यांनी दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो पाहण्यासाठी शास्त्रज्ञ त्या प्रथिनाचे स्फटिक तयार करतात. दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसेच हे काम असते, फक्त कितीतरी अधिक चिकाटीचे. मग त्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून, ते कसे विखुरतात यावरून प्रत्येक अणूची जागा गणिताने काढतात. इंग्लंडमधील डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये याच मार्गाने पेनिसिलिनची रचना उलगडली आणि पुढे १९६४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनच्या रचनेवर काम केलेले एम. विजयन भारतात परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या रचनाशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. क्षयाच्या जिवाणूतील अनेक प्रथिनांच्या रचना त्यांच्या गटाने शोधून काढल्या. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे शास्त्र परदेशीच आहे असे वाटू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

औषध आधी, कारण नंतर

आता क्षयावरील एका जुन्या आणि आजही वापरात असलेल्या औषधाकडे वळू. त्याचे नाव आयसोनियाझिड. हा पदार्थ १९१२ मध्ये प्राग येथे दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केला. तो क्षयावर चालतो, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. चाळीस वर्षे तो कागदावरच राहिला. १९५१-५२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू नावाच्या क्षयरोग रुग्णालयात तो प्रथम असाध्य ठरलेल्या रुग्णांना देण्यात आला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना भूक लागू लागली, त्यांची वजने वाढू लागली, ती उठून चालू लागली.

या रुग्णालयाची एक गोष्ट फार काळ झाकलेली राहिली. संसर्गाच्या भीतीने तेथील गोऱ्या परिचारिका नोकऱ्या सोडून जाऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय परिचारिकांना तेथे आणण्यात आले. शहरातील इतर रुग्णालयांची दारे ज्यांना बंद होती, त्यांनाच या धोक्याच्या जागी काम मिळाले. नव्या औषधाची चाचणी झाली तेव्हा प्रत्यक्ष रुग्णाच्या उशाशी राहून गोळी देणे, ताप पाहणे, वजन करणे, काय त्रास झाला ते टिपून ठेवणे, हे काम त्यांनीच केले. औषधाच्या इतिहासात डॉक्टरांची आणि कंपन्यांची नावे आली. ज्यांच्या नोंदींवर तो इतिहास उभा राहिला त्यांची नावे अलीकडे कुठे लोकांसमोर येऊ लागली आहेत.

आणखी एक लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की १९५२ मध्ये आयसोनियाझिड जगभर वापरले जाऊ लागले, तरी ते नेमके कसे काम करते हे कोणालाच माहीत नव्हते. ते कोडे सुटण्यास आणखी चार दशके लागली. १९९२ मध्ये असे दिसून आले, की आयसोनियाझिडची गोळी मुळात निष्क्रिय असते. क्षयाच्या जिवाणूतच ‘कॅट-जी’ नावाचे एक विकर असते आणि तेच या गोळीला जागे करते. म्हणजे शत्रूच्याच कारागिराकडून आपली किल्ली घडवून घ्यावी, असा हा प्रकार. जागी झालेली गोळी मग ‘इन्ह-ए’ नावाच्या दुसऱ्या विकराच्या खाचेत जाऊन बसते आणि ते विकर ठप्प होते. १९९५ मध्ये या इन्ह-ए विकराची रचना स्फटिकांवरून उलगडली गेली आणि १९९८ मध्ये औषध त्याच्या खाचेत कसे अडकून बसते, त्याचे चित्रही मिळाले.

इन्ह-ए विकराचे काम तरी काय? क्षयाच्या जिवाणूभोवती मेणासारखी जाड तटबंदी असते. ती ज्या लांब स्निग्धाम्लांची बनते, ती घडवण्याच्या कामात हे विकर असते. ते थांबले की तटबंदी ढासळते आणि जिवाणू मरतो. ही तटबंदी आपल्या ओळखीची आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीचा नमुना तपासणारा तंत्रज्ञ काचपट्टीवर लाल रंग चढवतो आणि नंतर ती आम्लाने धुतो. इतर जिवाणूंचा रंग निघून जातो. क्षयाचा जिवाणू मेणाच्या आवरणामुळे रंग सोडत नाही आणि लाल काडीसारखा दिसतो. म्हणजे जे आवरण पाहून तालुक्याच्या गावी निदान होते, तेच आवरण मोडण्यासाठी गोळी दिली जाते.

एक गोळी का पुरत नाही?

आता व्यापाऱ्याला सहज समजेल असा एक हिशेब मांडू. जिवाणू वाढताना त्यांच्यात चुकून बदल होत असतात. साधारण दहा लाख जिवाणूंत एखादा असा निघतो, की ज्याच्यावर आयसोनियाझिड चालत नाही. अनेकदा त्यात कॅट-जी विकराच्या साखळीतील ३१५ व्या स्थानावरचा एक लहानसा दुवा बदललेला असतो. तेवढ्याने विकराकडे जाणारी वाट अरुंद होते, गोळी जागी होतच नाही आणि किल्ली घडत नाही. रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला दाद न देणारा जिवाणू दहा कोटींत एखादा असतो. रुग्णाच्या फुप्फुसातील पोकळीत जिवाणूंची संख्या कोट्यवधींत असते. एकच औषध दिले, तर त्याला न जुमानणारे मूठभर जिवाणू उरतात आणि तेच पुढे वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जिवाणू निघण्यासाठी मात्र हे दोन्ही आकडे एकमेकांना गुणावे लागतात आणि गुणाकार इतका मोठा येतो, की तसा जिवाणू आपोआप निघणे जवळजवळ अशक्य ठरते.

म्हणूनच पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, अशी सहा महिन्यांची व्यवस्था आहे. रुग्णाला दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते, खोकला थांबतो, आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडण्याचा मोह होतो. त्या वेळी जे जिवाणू शिल्लक असतात ते सर्वांत चिवट असतात. अर्धवट उपचार म्हणजे चिवट जिवाणूंना निवडून बियाण्यासाठी राखून ठेवण्यासारखे आहे. पुढे हा रोग त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला झाला, तर त्याला पहिल्या दिवसापासूनच औषधांना न जुमानणारा क्षय होतो.

मद्रासची वही

विकराची रचना ठाऊक नसताना हे उपचार ठरले कसे? येथेच परिचारिका, आरोग्यसेविका आणि गावोगावचे डॉक्टर यांचे संशोधनातील स्थान कळते. पन्नासच्या दशकात क्षय म्हणजे आरोग्यधाम, असे समीकरण होते. मिरज किंवा शिवडीसारख्या ठिकाणी महिनोन्महिने राहणे ज्यांना परवडत असे किंवा जेथे खाट मिळत असे, तेच वाचण्याची आशा धरीत. बाकीच्यांना घरीच झिजावे लागे. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. वॉलेस फॉक्स हे तेथील प्रमुख होते. आरोग्यधामातले आणि घरचे उपचार यांत फरक किती, हा त्यांचा प्रश्न होता.

सुमारे दोनशे गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना औषधे तीच, मुदत तीच, एक वर्ष. एक गट आरोग्यधामात, जेथे विश्रांती आणि चांगला आहार होता. दुसरा आपल्या दाटीच्या घरात, आपल्या तुटपुंज्या आहारावर. घरच्या गटाकडे आरोग्यसेविका न कळवता जात, शिल्लक गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करून औषध खरोखर घेतले आहे की नाही ते पडताळत. वर्षअखेर दिसले, की घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. घरच्या मंडळींवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले; रुग्णाला घरी ठेवल्यामुळे त्यांना अधिक धोका झाला असे आढळले नाही. १९५९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभर आरोग्यधामांची आवश्यकता संपू लागली. आज क्षयरुग्णाला घरी राहून, सरकारी औषधे घेऊन बरे होता येते, त्याचे श्रेय या मद्रासच्या कामाला आहे.

आपल्या व्यवसायात कीर्द-खतावणी चोख असल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. वैद्यकातही तसेच आहे. रेणूची रचना सांगणारा शास्त्रज्ञ आणि गोळ्या मोजणारी सेविका, दोघेही एकाच हिशेबाच्या दोन बाजू लिहीत असतात.

धारावीचा धडा

महाराष्ट्रातही डॉक्टरांनीच डॉक्टरांच्या वह्या तपासल्या, तेव्हा कटू सत्य बाहेर आले. मुकुंद उपळेकर आणि त्यांचे सहकारी शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईच्या वस्तीतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी औषधे लिहावयास सांगितले. त्यांनी ८० वेगवेगळ्या प्रकारच्या औषधयोजना लिहिल्या. पुढे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ झरीर उदवाडिया यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि योग्य योजना केवळ सहाजणांना लिहिता आली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने याच डॉक्टरांनी, उपलब्ध असलेले कोणतेच औषध ज्यांना लागू पडत नाही असे चार रुग्ण आपल्या रुग्णालयात आढळल्याचे एका लहानशा पत्राने वैद्यकीय नियतकालिकात कळवले. त्या पत्राने देश हादरला. सरकारने २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले.

ही कामे मोठ्या यंत्रसामग्रीने झालेली नाहीत. डोळे उघडे ठेवून रुग्ण तपासणाऱ्या, आढळले ते प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ती केली. आपल्या घरातील जी मुले उद्या नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडतील, त्यांना हेही संशोधनच आहे हे सांगितले पाहिजे. डाळमिलमध्ये काम करणाऱ्यांचा खोकला किती दिवसांनी तपासला जातो, उपचार मध्येच सुटतात ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कारणाने, या प्रश्नांची उत्तरे न्यूयॉर्कला मिळणार नाहीत. ती लातूरच्या डॉक्टरच्या वहीतच मिळतील.

तपासणीचे साधनही आता जवळ आले आहे. गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र थुंकीच्या नमुन्यातून क्षयाच्या जिवाणूचा जनुकीय अंश शोधते. रिफाम्पिसिन ज्या विकराला अडवते, त्या विकराच्या जनुकात बदल झाला आहे का, हेही त्याच दिवशी सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. विकराच्या रचनेचा अभ्यास असा थेट ग्रामीण दवाखान्याच्या टेबलावर येऊन पोहोचला आहे.

डाळीचे मोल

मद्रासच्या प्रयोगाने औषध हेच मुख्य, हे सिद्ध केले. आहाराचा प्रश्न त्याने पूर्णपणे मिटवला नव्हता. तो अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने हाती घेतला. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. अर्ध्या भागात घरातील इतर माणसांनाही शिधा मिळाला, अर्ध्या भागात तो मिळाला नाही. घरच्या १०,३४५ माणसांवर लक्ष ठेवले गेले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि त्यातील संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावोगाव वजने करणारे, शिधा पोहोचवणारे आणि नोंद ठेवणारे क्षेत्रीय कर्मचारी नसते, तर यातला एकही आकडा मिळाला नसता.

त्या शिध्यात काय होते? तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आपल्याकडे क्षय झाला की ‘अंडी खाल्ल्याशिवाय बरे वाटणार नाही’ असे कोणीतरी सांगते आणि शाकाहारी घर संकोचात पडते. या प्रयोगाने दाखवले, की डाळ आणि दूध यांवर आधारलेल्या शाकाहारी शिध्यानेही रुग्णाचे बळ परत येते. तुरीच्या व्यापारावर ज्या गावाची पेठ चालते, त्या गावाला याहून आनंदाची बातमी कोणती असेल? शासनाच्या योजनेतून रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. शिवाय २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणीही व्यक्ती किंवा संस्था एखाद्या रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी सहा महिने घेऊ शकते. आपल्या पेढ्यांनी आणि व्यापारी मंडळांनी दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी असा संकल्प केला, तर तो हिशेब वर्षभर समाधान देईल.

आपल्या घराशी संबंध

आता शेवटचा आणि जरा अवघड मुद्दा. आपल्या समाजात क्षय लपवला जातो. विशेषतः विवाहयोग्य मुलीला किंवा सुनेला हा रोग झाला, की कुटुंब गावातला दवाखाना टाळते. नांदेडचे लोक हैदराबादला जातात, लातूरचे सोलापूर किंवा पुण्याला. तेथे दोन महिने औषध, मग दुसरा डॉक्टर, मग घरगुती उपाय, असे चालते. हेतू वाईट नसतो, अब्रूची काळजी असते. परंतु प्रत्येक ठिकाणी नोंद तुटते, औषधयोजना बदलते, मधले आठवडे कोरडे जातात. वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे चिवट जिवाणूला हवी ती संधी यातूनच मिळते. जो रोग सहा महिन्यांत बरा होऊन विस्मरणात गेला असता, तो लपवल्याने दीर्घकाळ चालतो आणि मग लपवणेही अशक्य होते. योग्य उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्ग थांबतो आणि बरी झालेली मुलगी इतर कोणाहीसारखाच संसार करू शकते. स्थळ पाहताना ‘क्षय झाला होता आणि पूर्ण उपचार घेतले’ हे वाक्य निःसंकोचपणे ऐकण्याची सवय आपण वडीलधाऱ्यांनी लावून घेतली, तर लपवण्याचे कारणच उरणार नाही.

व्रत-उपवासांबाबतही दोन शब्द. क्षयाच्या गोळ्या बहुधा सकाळी एकदाच घ्यावयाच्या असतात, त्यामुळे सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांना त्यात अडचण नाही. पर्युषणातील निर्जळ किंवा दीर्घ उपवास मात्र रुग्णाने उपचाराच्या काळात आपल्या मनाने करू नयेत. डॉक्टरांना विचारावे आणि गोळी कोणत्याही दिवशी चुकवू नये. रिफाम्पिसिनमुळे लघवीला नारिंगी-लाल रंग येतो. त्याने घाबरून औषध बंद करू नये. उलट्या, डोळे पिवळे होणे, अंधूक दिसणे, असे काही जाणवले तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा ताप, घटत जाणारे वजन, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही घरात किंवा दुकानात कोणाला दिसले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. रुग्ण आढळल्यास घरातील सर्वांनी तपासणी करून घ्यावी; गरजेनुसार त्यांनाही प्रतिबंधक औषध दिले जाते. हमालाचा खोकलाही धन्याने तितक्याच काळजीने विचारावा, कारण गोदामातील हवा दोघांची एकच आहे. आणि आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका गोळ्यांची चौकशी करण्यास दारात आली, तर तिला बाहेरूनच ‘सगळे ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नये. तिला घरात बसवावे, पाणी द्यावे आणि तिच्या वहीत खरी नोंद होऊ द्यावी.